सार्वजनिक पैशावरील संसदीय देखरेख आणि घरपट्टीचा हिशेब

प्रास्ताविक

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. लोकशाहीतील वित्तव्यवहाराचा पाया या एका वाक्यात आला आहे. लोकप्रतिनिधींच्या संमतीने कर घ्यायचा, त्यांच्याच संमतीने तो खर्च करायचा आणि खर्च झाल्यावर त्यांच्यापुढेच हिशेब ठेवायचा, असा हा तीन टप्प्यांचा क्रम आहे. केंद्र शासनाच्या बाबतीत तो कसा पाळला जातो, हे राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सविस्तर दिलेले असते. परंतु ज्या कराची पावती प्रत्येक घरात जपून ठेवलेली असते, त्या घरपट्टीचा हिशेब कोण तपासतो, या प्रश्नाकडे पाठ्यपुस्तके फारशी वळत नाहीत. लोकलेखा समितीची सदस्यसंख्या अचूक सांगणारा विद्यार्थी आपल्या नगरपालिकेचे लेखापरीक्षण कोण करते, हे सांगू शकत नाही. संसदीय देखरेखीची साखळी कशी आहे, घरपट्टी तिच्या बाहेर कशी राहते आणि त्याचे परिणाम काय होतात, यांचे विवेचन येथे केले आहे.

या विषयाची परिभाषा मराठी वाचकाला परकी नाही. हिशेब, जमा, वसूल, बाकी, रक्कम, तपशील, खजिना हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि दक्षिणेतील सुलतानशाह्यांच्या काळापासून दप्तरांत रुळले. आज मराठी भाषक ज्या निरनिराळ्या राज्यांत राहतात तेथे या कराची नावे वेगवेगळी आहेत. गोव्यात घरपट्टी, इंदूर-ग्वाल्हेरात संपत्तिकर, वडोदऱ्यात मिलकत वेरो आणि बेळगावात आस्ती तेरिगे. नावाप्रमाणे कायदेही वेगळे आहेत. मागणी, वसुली आणि बाकी ही हिशेबाची तीन पदे मात्र सर्वत्र सारखीच आहेत.

संसदीय देखरेखीची रचना

केंद्र शासनाला मिळणारा सर्व महसूल अनुच्छेद २६६ नुसार भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. त्यातून एक रुपयाही संसदेने कायदा केल्याशिवाय काढता येत नाही. अनुच्छेद ११२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र, म्हणजे अर्थसंकल्प, संसदेपुढे ठेवला जातो. अनुच्छेद ११३ नुसार अनुदानाच्या मागण्यांवर केवळ लोकसभा मतदान करते. त्यानंतर अनुच्छेद ११४ खालील विनियोजन विधेयक संमत झाले म्हणजे खर्चाला अधिकार प्राप्त होतो. सदस्याला धोरण अमान्य असेल तर तो मागणी एक रुपयापर्यंत कमी करण्याची सूचना मांडू शकतो. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांची प्रतीकात्मक कपात सुचवता येते.

ही झाली खर्चापूर्वीची देखरेख. प्रत्यक्षात ती अनेकदा अपुरी पडते. ठरलेली मुदत संपली की चर्चेविना राहिलेल्या सर्व मागण्या एकाच वेळी मतास टाकल्या जातात. या पद्धतीला ‘गिलोटिन’ म्हणतात. २०१८ आणि २०२३ या वर्षी तर लोकसभेत सर्व मागण्या चर्चेविना संमत झाल्या. १९९३ मध्ये विभागनिहाय स्थायी समित्या स्थापन झाल्या. त्या प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्यांची छाननी करत असल्यामुळे ही उणीव काही अंशी भरून निघते.

खर्चानंतरची देखरेख मुख्यतः दोन संस्थांवर अवलंबून आहे. पहिली संस्था म्हणजे अनुच्छेद १४८ खालील नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्यांचे कर्तव्य व अधिकार १९७१ च्या कायद्याने निश्चित केले आहेत. त्यांचे अहवाल अनुच्छेद १५१ नुसार राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे आणि राज्यपालांमार्फत विधानमंडळापुढे ठेवले जातात. दुसरी संस्था म्हणजे लोकलेखा समिती. ती १९२१ मध्ये माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या काळात अस्तित्वात आली आणि १९५० पासून लोकसभेच्या अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली काम करू लागली. तिच्यात लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. १९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले. तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत रूढ झाला.

या समितीचे सामर्थ्य तिच्या कार्यपद्धतीत आहे. महालेखापरीक्षकांच्या अहवालातील निवडक परिच्छेद ती तपासणीस घेते. संबंधित खात्याच्या सचिवांना बोलावून त्यांची साक्ष घेते आणि शिफारशींसह अहवाल सादर करते. त्यावर काय कार्यवाही केली, हे शासनाने सहा महिन्यांत कळवावे लागते. शासनाच्या उत्तराने समाधान झाले नाही तर समिती पुन्हा अहवाल देते. या पाठपुराव्यामुळे लेखापरीक्षणातील आक्षेप फायलीत पडून राहत नाही, निदान राहू नये अशी व्यवस्था आहे. मर्यादाही उघड आहेत. तपासणी घटना घडून गेल्यावर होते, धोरण योग्य की अयोग्य हा प्रश्न समितीच्या कक्षेबाहेर राहतो आणि तिच्या शिफारशी बंधनकारक नसतात.

राज्य पातळीवर हीच रचना आहे. विधानसभेची लोकलेखा समिती राज्याच्या एकत्रित निधीतील व्यवहार तपासते.

घरपट्टी या साखळीत कोठे बसते?

जमीन व इमारती यांवरील कर हा घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ४९ व्या नोंदीतील विषय आहे. म्हणून तो बसवण्याचा मूळ अधिकार राज्य विधानमंडळाचा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १९९३ मध्ये अमलात आली, अनुच्छेद २४३ एक्स घटनेत आला. त्यानुसार राज्य विधानमंडळ कायद्याने हा अधिकार नगरपालिकांकडे सोपवू शकते. येथे ‘सोपवू शकते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण सोपवलेच पाहिजे असे घटना म्हणत नाही. लेखापरीक्षणाबाबत अनुच्छेद २४३ झेड आहे. नगरपालिकांचे हिशेब कसे ठेवावेत व कसे तपासावेत, हे ठरवण्याचे कामही तो राज्य विधानमंडळावरच सोपवतो.

याचा परिणाम असा की बेळगावची घरपट्टी कर्नाटक महानगरपालिका अधिनियम १९७६ नुसार चालते, इंदूर व ग्वाल्हेरची मध्य प्रदेशच्या १९५६ च्या अधिनियमानुसार, हैदराबादची १९५५ च्या अधिनियमानुसार आणि पणजीची २००२ च्या अधिनियमानुसार. वडोदऱ्यास मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९ गुजरातच्या नावाने लागू आहे.

घरपट्टीची रक्कम राज्याच्या किंवा केंद्राच्या एकत्रित निधीत जात नाही. ती नगरपालिकेच्या स्वतःच्या निधीत जमा होते. म्हणून संसदेच्या लोकलेखा समितीच्या टेबलावर ती सामान्यतः येत नाही. तिचे लेखापरीक्षण बहुतेक राज्यांत राज्याच्या वित्त खात्याखालील स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. म्हणजे तपासणी करणारा विभाग राज्य शासनाचाच असतो. महालेखापरीक्षकांना असलेले घटनात्मक स्वातंत्र्य त्याला नसते.

ही त्रुटी ओळखून अकराव्या वित्त आयोगाने (२०००-०५) स्थानिक संस्थांच्या हिशेबांवर व लेखापरीक्षणावर महालेखापरीक्षकांचे पर्यवेक्षण असावे, अशी शिफारस केली. त्यातून तांत्रिक मार्गदर्शनाची व्यवस्था उभी राहिली आणि अनेक राज्यांत स्थानिक संस्थांविषयीचे स्वतंत्र अहवाल विधानमंडळापुढे येऊ लागले. ते तपासण्यासाठी काही राज्यांनी विधानमंडळाची वेगळी समितीही नेमली. मध्य प्रदेशात स्थानीय निकाय एवं पंचायती राज लेखा समिती आहे, तर कर्नाटकातही स्थानिक संस्था व पंचायत राज यांसाठी विधानमंडळाची समिती आहे. राज्य पातळीवरील या समित्यांच्या कामाची चर्चा मात्र वृत्तपत्रांत क्वचितच होते.

संसदेच्या थेट कक्षेतील घरपट्टी

घरपट्टी संसदेच्या पूर्णतः बाहेर आहे असे म्हणणेही बरोबर नाही. तीन ठिकाणी तिचा संसदेशी थेट संबंध येतो.

पहिले ठिकाण छावण्या. छावणी क्षेत्रातील स्थानिक स्वराज्य हा केंद्रसूचीतील विषय आहे. म्हणून तेथील मालमत्ता कर संसदेने केलेल्या छावणी अधिनियम २००६ नुसार बसवला जातो. बेळगाव छावणी, ग्वाल्हेरजवळील मुरार, इंदूरजवळील महू आणि हैदराबादलगतचे सिकंदराबाद ही याची परिचित उदाहरणे होत. एकाच बेळगाव शहरात रस्त्याच्या एका बाजूच्या घराची पट्टी राज्याच्या कायद्याने आणि दुसऱ्या बाजूच्या घराची पट्टी संसदेच्या कायद्याने ठरू शकते. छावण्यांचा कारभार संरक्षण मंत्रालयाकडे असल्यामुळे त्यावर संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीत प्रश्न विचारता येतो.

दुसरे ठिकाण राजधानी. दिल्लीच्या महानगरपालिकेचा १९५७ चा आणि नवी दिल्ली नगरपरिषदेचा १९९४ चा, असे दोन्ही अधिनियम संसदेने केलेले आहेत. नवी दिल्ली नगरपरिषदेने २००९ मध्ये उपविधी करून क्षेत्रफळावर आधारित आकारणी सुरू केली. मूळ अधिनियमात मात्र आकारणीचा आधार वार्षिक भाडे हाच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे उपविधी रद्द केले आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. संसदेने जो अधिकार दिला नाही तो उपविधीने निर्माण करता येत नाही, हे अनुच्छेद २६५ मधील तत्त्व येथे प्रत्यक्ष दिसले. नवी पद्धत जुनीपेक्षा सोयीची होती की नव्हती, हा प्रश्न न्यायालयापुढे गौण ठरला.

तिसरे ठिकाण केंद्र शासनाच्या मालमत्ता. अनुच्छेद २८५ नुसार संसदेने कायद्याने अन्यथा ठरवल्याखेरीज केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा किंवा राज्यातील कोणत्याही प्राधिकरणाचा कर बसत नाही. रेल्वे, टपाल आणि केंद्रीय कार्यालये यांना रस्ते, पाणी, दिवाबत्ती या सेवा मिळतात, पण नगरपालिकेला कर मिळत नाही. राजकोट महानगरपालिका व इतरांच्या प्रकरणात १९ नोव्हेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर तोडगा नोंदवला. कराऐवजी केंद्राने सेवाशुल्क द्यावे आणि घेतलेल्या सेवांच्या प्रमाणात ते मालमत्ता कराच्या ७५ टक्के, ५० टक्के किंवा एक तृतीयांश असावे, असे ठरले. ज्या शहरात केंद्राच्या मालमत्ता मोठ्या प्रमाणात आहेत, तेथील नगरपालिकेच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही.

वसुली कमी का? एक साधे गणित

भारतात घरपट्टीचे उत्पन्न स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या पाव टक्क्याहूनही कमी आहे. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत उपग्रह चित्रांच्या आधारे केलेल्या अभ्यासाचा उल्लेख आहे. बेंगळुरू व जयपूर ही शहरे त्यांच्या संभाव्य घरपट्टीच्या ५ ते २० टक्क्यांहून अधिक वसूल करत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. महालेखापरीक्षकांनी १८ राज्यांतील लेखापरीक्षणांचे संकलन २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार नागरी संस्थांच्या उत्पन्नात स्वतःच्या महसुलाचा वाटा सुमारे ३२ टक्के होता आणि मालमत्ता कराच्या मागणीपैकी सुमारे ५६ टक्केच रक्कम वसूल होत होती.

एके ठिकाणी ५ ते २० टक्के आणि दुसरीकडे ५६ टक्के, या आकड्यांत विसंगती वाटेल. ती का नाही, हे वर्गात एका काल्पनिक उदाहरणाने समजावता येते.

एखाद्या शहरात १०० मालमत्ता आहेत आणि प्रत्येकीची खरी घरपट्टी १,००० रुपये व्हायला हवी, असे धरू. म्हणजे एकूण क्षमता १,००,००० रुपये झाली. त्यांपैकी ८० मालमत्ताच नोंदवहीत आहेत. उरलेल्या २० म्हणजे नव्या वसाहती किंवा नोंद न झालेले वाढीव मजले. नोंदलेल्या मालमत्तांचे मूल्यांकन जुन्या दराने झाल्यामुळे पट्टी निम्मीच लागते. तेव्हा मागणी होते ४०,००० रुपयांची. त्यातील ६० टक्के, म्हणजे २४,००० रुपये वसूल होतात. नगरपालिकेच्या विवरणपत्रात ‘वसुली ६० टक्के’ असे दिसते. शहराच्या क्षमतेच्या तुलनेत वसुली २४ टक्केच आहे.

थकबाकीदारांची यादी फलकावर लावून वसुली ६० वरून ९० टक्क्यांवर नेली, तरी हाती येतात ३६,००० रुपये. उलट नोंद आणि मूल्यांकन पूर्ण केले आणि वसुली ६० टक्केच राहिली, तर हाती येतात ६०,००० रुपये. लेखापरीक्षक सामान्यतः मागणीच्या नोंदवहीपासून सुरुवात करतो. जी मालमत्ता नोंदवहीतच नाही, तिच्यावर आक्षेप घेण्यासाठी त्याला वीजजोडण्या, बांधकाम परवाने, उपग्रह चित्रे अशा बाहेरच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात. विधानमंडळाच्या समितीपुढे थकबाकीचा प्रश्न येतो. नोंदच न झालेल्या मालमत्तेचा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारतच नाही.

मूल्यांकन मागे पडण्याचे एक कारण कायद्यात आहे. पारंपरिक पद्धतीत घराला मिळू शकणाऱ्या वार्षिक भाड्यावर पट्टी ठरते. देवन दौलत राय कपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जेथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तेथे आकारणी प्रमाण भाड्याहून जास्त करता येणार नाही. भाडे गोठले, त्याबरोबर पट्टीही गोठली. यातून मार्ग काढण्यासाठी पाटणा येथे १९९३ पासून, अहमदाबादेत २००१ पासून आणि दिल्ली महानगरपालिकेत २००४ पासून क्षेत्रफळ, वस्ती, बांधकामाचा प्रकार व वापर यांवर आधारित पद्धत आली. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याचा आधार घेतला. या पद्धतींत अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव कमी राहतो आणि करदाता आपली पट्टी स्वतः मोजू शकतो.

अनुदानाच्या अटी : अप्रत्यक्ष देखरेख

संसदेचा हात घरपट्टीपर्यंत पोहोचतो तो वित्त आयोगाच्या मार्गाने. अनुच्छेद २८० (३) नुसार आयोग स्थानिक संस्थांसाठीही शिफारशी करतो. तेराव्या वित्त आयोगाने (२०१०-१५) कामगिरी अनुदानासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत राज्य पातळीवर मालमत्ता कर मंडळ स्थापन करण्याची अट होती. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात स्थानिक संस्थांसाठी ४,३६,३६१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यांपैकी नागरी संस्थांचा वाटा १,२१,०५५ कोटी होता. हा वाटा मिळवण्यासाठी लेखे प्रसिद्ध करणे, घरपट्टीचे किमान दर अधिसूचित करणे आणि राज्याच्या उत्पादनवाढीच्या वेगाने वसुली वाढवणे, अशा अटी होत्या.

या मार्गाला दोन बाजू आहेत. एरवी दुर्लक्षित राहणारे लेखे अटींमुळे वेळेवर तयार होऊ लागतात. पण देखरेखीचा रोख बदलतो. नगरपालिका नागरिकाला हिशेब देण्याऐवजी अनुदान देणाऱ्याला प्रमाणपत्र देऊ लागते. निवडून आलेले सभागृह नसून प्रशासक कारभार पाहत असेल, तर नागरिकाला प्रश्न विचारण्याची जवळची जागाच उरत नाही.

शिक्षणसंस्था आणि सवलत

हा विषय शिक्षणसंस्थांच्या दाराशीही येतो. बहुतेक नगरपालिका अधिनियमांत प्रार्थनास्थळे, स्मशाने व कब्रस्ताने, धर्मादाय व शैक्षणिक वापराच्या इमारती यांना पूर्ण किंवा अंशतः सूट असते. शाळा म्हटली की घरपट्टी माफ, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. तो सर्वत्र खरा नाही. चिल्ड्रन बुक ट्रस्ट प्रकरणात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या अधिनियमाचा अर्थ लावताना सांगितले की, केवळ शिक्षण देणे म्हणजे धर्मादाय कार्य होत नाही. संस्था पूर्णतः किंवा अंशतः ऐच्छिक देणग्यांवर चालते, तिचे उत्पन्न तिच्या उद्दिष्टांसाठीच वापरले जाते आणि सभासदांना नफा वाटला जात नाही, हे दाखवावे लागते. प्रत्येक राज्याच्या अधिनियमातील शब्द वेगळे असल्यामुळे तेथील तरतूद स्वतंत्रपणे वाचली पाहिजे. इमारतीचा जो भाग दुकानांना किंवा बँकेला भाड्याने दिलेला असतो, त्याला सामान्यतः सूट मिळत नाही.

म्हणून ज्या संस्थेचे देणग्यांचे व खर्चाचे लेखे नीट ठेवलेले असतात, तीच सवलतीचा हक्क सिद्ध करू शकते. सवलत हाही एका अर्थाने सार्वजनिक पैसाच आहे. संस्थेला माफ झालेली पट्टी इतर करदाते भरत असतात. अमानत म्हणून मिळालेल्या देणगीचा जसा हिशेब द्यावा लागतो, तसाच या सवलतीचाही द्यावा लागतो.

अध्यापनासाठी काही सूचना

हा घटक शिकवताना चार कागद वर्गात आणणे उपयुक्त ठरेल. पहिला, घरातील घरपट्टीचे बिल. त्यावरील दर, क्षेत्रफळ आणि वापर ताडून विद्यार्थ्यांनी पट्टी स्वतः मोजून पाहावी. दुसरा, नगरपालिकेचे मागणी, वसुली व बाकी यांचे वार्षिक विवरणपत्र. ते संकेतस्थळावर नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली मागता येते. तिसरा, आपल्या राज्यातील स्थानिक संस्थांविषयीचा महालेखापरीक्षकांचा अहवाल. चौथा, संसदेच्या लोकलेखा समितीचा कोणताही एक कार्यवाही अहवाल. शेवटच्या दोन कागदांची तुलना केली की फरक आपोआप दिसतो. केंद्राच्या खर्चावरील आक्षेपाला उत्तर देण्याची मुदत ठरलेली आहे. नगरपालिकेवरील आक्षेप वर्षानुवर्षे ‘निकाली काढणे बाकी’ या सदरात राहू शकतो.

समारोप

संसदीय देखरेखीची साखळी केंद्राच्या पैशापुरती बऱ्यापैकी पूर्ण आहे. राज्याच्या पैशाला तिचे प्रतिरूप उपलब्ध आहे. घरपट्टीच्या बाबतीत मात्र कर बसवणारा, त्याचे हिशेब तपासणारा आणि त्यावर प्रश्न विचारणारा या तीन कड्या सैल आहेत. स्थानिक निधी लेखापरीक्षेला स्वायत्तता देणे, विधानमंडळाच्या स्थानिक संस्था समितीच्या शिफारशींना लोकलेखा समितीप्रमाणे उत्तराची मुदत लावणे आणि वसुलीची टक्केवारी मागणीवर न काढता शहराच्या क्षमतेवर काढणे, हे तीन उपाय घटनादुरुस्तीविना करता येण्यासारखे आहेत. ते करण्याचा अधिकार राज्य विधानमंडळांकडे आहे आणि विधानमंडळांकडे ते मागण्याचा अधिकार मतदाराकडे आहे. ती मागणी करण्यासाठी आधी घरातल्या बिलावरील आकडे वाचता आले पाहिजेत, आणि ते शिकवण्याची जागा महाविद्यालयाचा वर्ग ही आहे.